गुण कोणाचा?

मराठी भाषेत ‘गुण’ या शब्दाची एक मौज आहे. औषधाने ‘गुण आला’ असे आपण म्हणतो. अमक्या वैद्याच्या हाताला ‘गुण’ आहे असे म्हणतो. आणि परीक्षेत मुलाला इतके ‘गुण’ मिळाले असेही म्हणतो. तिन्ही ठिकाणी कोणीतरी कोणाला तरी श्रेय देत असतो. परीक्षेतले गुण देणारा निदान उत्तरपत्रिका तरी तपासतो. औषधाला गुण देताना मात्र उत्तरपत्रिका कोणती, ती तपासावयाची कशी आणि परीक्षेला बसले होते तरी कोण, हे प्रश्न आपल्या मनास शिवतही नाहीत. ते शिवावेत काय, आणि ते विचारणे हा निव्वळ बुद्धीचा खेळ आहे की त्यात धर्माधर्माचाही काही भाग आहे, याचा थोडासा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

या विचारास निमित्त घडले ते असे. शाहूपुरीत आमच्या शेजारी एक वयोवृद्ध व्यापारी गृहस्थ राहतात. त्यांची सारी हयात गुळाच्या व्यापारात गेली. ढेपेचा रंग पाहून ती कोणत्या गुऱ्हाळाची हे सांगणारी त्यांची नजर. गेल्या पावसाळ्यात त्यांच्या दहाबारा वर्षांच्या नातवाला कावीळ झाली. डॉक्टरांनी रक्त तपासले, विश्रांती व हलका आहार सांगितला, आणि विशेष औषध असे काही दिले नाही. मुलाचे डोळे हळदीसारखे पिवळे झालेले असताना डॉक्टरने औषध देऊ नये, हे घरच्यांस चमत्कारिक वाटले. तेव्हा जवळच्याच एका खेड्यातून काविळीची माळ आणविली. कसल्याशा वनस्पतीच्या काड्यांचे बारीक तुकडे दोऱ्यात गुंफलेली ही माळ पहिल्या दिवशी जेमतेम डोक्यावर बसते. मग ती दिवसेंदिवस लांबत गळ्यात, छातीवर, पोटापर्यंत उतरते, आणि ती उतरेल तशी कावीळ उतरते अशी समजूत आहे. येथेही तसेच झाले. तीन आठवड्यांत मुलगा अंगणात क्रिकेट खेळू लागला. त्या संध्याकाळी काका आमच्या ओसरीवर येऊन बसले आणि म्हणाले, “काय सर, तुमचं तर्कशास्त्र काय म्हणतंय आता? डोळ्यांदेखत गुण आला की नाही?”

आम्ही कॉलेजात तर्कशास्त्र शिकवितो, तेव्हा हा टोला आमच्या पाठीवर नेमका बसला. उत्तर आम्हांस तत्काळ सुचले होते. पण आम्ही ते दिले नाही. का दिले नाही, ते पुढे ओघाने येईल.

प्रथम काकांच्या म्हणण्यात खरे किती हे पाहू. मुलाला कावीळ झाली हे खरे. माळ घातली हे खरे. माळ लांबली हेही खरे, आणि मुलगा बरा झाला हे तर सर्वांत खरे व सर्वांत आनंदाचे. चारही गोष्टी प्रत्यक्षातल्या आहेत. काकांनी पदरचे काहीच घातलेले नाही. घातला आहे तो एकच शब्द: ‘म्हणून’. माळ घातली म्हणून मुलगा बरा झाला. हा ‘म्हणून’ डोळ्यांना दिसत नाही. तो अनुमानाने जोडावा लागतो, आणि सारा घोटाळा या जोडकामातच असतो. आपल्या शास्त्रकारांनी कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडण्याच्या प्रकारास काकतालीय न्याय असे नाव देऊन ठेवले आहे. परंतु नाव दिल्याने निकाल लागत नाही. कावळा खरोखरच जड असेल आणि फांदी खरोखरच किडकी, तर काय?

निकाल लावावयाचा तर काविळीची मूळ प्रकृती पाहिली पाहिजे. कावीळ हा स्वतंत्र रोग नव्हे. यकृतात किंवा पित्तमार्गात बिघाड झाल्याचे ते चिन्ह आहे. पावसाळ्यात दूषित पाण्यातून मुलांना होणारी कावीळ बहुधा विषाणूची असते आणि ती बहुतांशी काही आठवड्यांत आपोआप ओसरते. म्हणजे शंभर मुलांच्या गळ्यात माळ घाला, नाकात रस पिळा, अंगारा लावा किंवा काहीच करू नका. त्यांतील बहुतेक बरी होणारच. शिवाय माणूस उपायाच्या मागे लागतो तो दुखणे ऐन भरात असताना. त्यानंतर ते उतरणीला लागावयाचेच असते. माळेचे म्हणाल तर काड्या सुकून आकसल्या की गाठी सैल पडतात आणि दोरा लांबतो. चुन्याच्या निवळीत हात धुऊन पिवळे पाणी ‘काढून’ दाखवितात, त्यातही हातास आधी लावलेला सालीचा रस आपले काम करतो. निरोगी माणसाचे हात धुतले तरी पाणी पिवळेच होते.

ही शंका पाश्चात्त्य विद्येबरोबर आपल्याकडे आली असे कोणास वाटत असेल तर त्याने चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील दहावा अध्याय अवश्य पाहावा. तेथे मैत्रेय आत्रेयांना विचारतो, की उपचार घेऊन काही बरे होतात, काही मरतात. उपचार न घेताही काही बरे होतात, काही मरतात. तेव्हा उपचार करणे आणि न करणे ही सारखीच नव्हेत काय? आयुर्वेदाच्या आधारग्रंथातच आयुर्वेदाच्या मुळावर घाव घालणारा हा प्रश्न घालून ठेवणाऱ्यांच्या धैर्याचे आम्हांस नेहमी कौतुक वाटत आले आहे. आत्रेय उत्तर देतात, की पडलेला माणूस स्वतःच्या बळाने उठू शकत असला, तरी दुसऱ्याने हात दिल्यास तो लवकर व कमी कष्टाने उठतो; औषधाचेही तसेच. उत्तर सुंदर आहे. परंतु हात दिल्याने तो खरोखरच लवकर उठला हे ठरवावयाचे कसे? त्यासाठी हात न दिलेला, तेवढ्याच ताकदीचा, तसाच पडलेला दुसरा माणूस शेजारी असावयास हवा. आपल्या नैयायिकांच्या भाषेत, अन्वय पुष्कळ झाला. व्यतिरेक कोठे आहे?

हा व्यतिरेक मिळविण्याची खटपट आपल्याच प्रांतात एका भयंकर प्रसंगी झाली. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. वाल्डेमार हाफकिन या शास्त्रज्ञाने ग्रँट मेडिकल कॉलेजात बसून लस तयार केली, १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली, आणि महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात रोग शिरला तेव्हा स्वखुशीने पुढे आलेल्या कैद्यांस ती टोचली. न टोचलेल्या सुमारे पावणेदोनशे कैद्यांपैकी पुढे १२ जणांस प्लेग झाला व ६ दगावले. टोचलेल्या सुमारे दीडशेंपैकी दोघांस झाला आणि दोघेही वाचले. एक छप्पर, एक अन्न, एक पाणी. तुलना करावयास तुरुंगासारखी जागा नाही. तरीही शंकेखोर म्हणेल, की स्वखुशीने पुढे येणारे कैदी मुळातच अधिक धट्टेकट्टे नसतील कशावरून?

शंका रास्त होती. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १८९८ मध्ये, सयाजीराव गायकवाडांच्या बडोदे संस्थानातील उंढेरा गावी तिला उत्तर मिळाले. तेथे घरोघर माणसे एकत्र करून, वय व प्रकृती पाहून प्रत्येक कुटुंबाचे शक्य तितके सारखे दोन भाग पाडले आणि एका भागास लस टोचली. नंतर ज्या २८ कुटुंबांत प्लेग शिरला, त्यांत टोचलेली माणसे ७१ होती. त्यांपैकी ८ आजारी पडली व ३ मेली. न टोचलेली ६४ होती. त्यांपैकी २७ आजारी पडली आणि २६ मेली. हे आकडे वाचून एकदा थांबावे. एका चुलीवर जेवणारे, एका घोंगडीखाली निजणारे भाऊभाऊ. एक राहिला, एक गेला. लशीला गुण आहे हे यातून जितके स्पष्ट दिसते तितके हजार रोग्यांच्या आभारपत्रांनी दिसले नसते.

परंतु येथेच सहृदय वाचक विचारील, आणि त्याने विचारलेच पाहिजे, की ही कसली दया? निम्म्यांना टोचले आणि निम्म्यांना मृत्यूच्या दारात ठेवले! हा आक्षेप हलका नाही. लशीचा गुण आधीच निश्चित ठाऊक असता तर ते पाप झाले असते यात शंका नाही. म्हणूनच आज असा प्रयोग करताना माणसाची समजून-उमजून दिलेली संमती घ्यावी लागते, आणि गुण स्पष्ट होताच तो थांबवावा लागतो. पण गुण ठाऊक नसताना? तेव्हा सर्वांना एकच उपाय सरसकट देणे हाही प्रयोगच असतो. फरक एवढाच, की त्याची वही कोणी ठेवीत नाही, आणि म्हणून त्यात मेलेले माणूस कोणालाच काही शिकवून जात नाही. उंढेऱ्याच्या त्या २६ जणांचे ऋण निदान वहीत मांडलेले आहे.

गुणाचा न्याय तोच दोषाचाही न्याय. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुल्कोवाल गावी १०७ जणांस ही लस टोचली, आणि त्यांपैकी १९ जण धनुर्वाताने मेले. लस विषारी आहे असा आरडाओरडा झाला. हाफकिनला पदावरून दूर व्हावे लागले. पण एकोणीसही जणांस टोचलेली लस एकाच बाटलीतली होती; इतर बाटल्यांतून टोचलेल्या अठ्ठ्याऐंशी जणांस काही झाले नाही. दोष लशीचा नव्हता, त्या एका बाटलीचा होता. ती प्रयोगशाळेत बिघडली की गावात उघडताना, हा वाद आणखी काही वर्षे चालला, आणि १९०७ साली हाफकिन दोषमुक्त झाला. परळच्या त्याच्या प्रयोगशाळेस १९२५ मध्ये त्याचे नाव देण्यात आले. एका दिवसाच्या प्रत्यक्ष अनुभवाने दिलेला निवाडा फिरविण्यास पाच वर्षे लागली. कारण रागालाही ‘म्हणून’ जोडण्याची तितकीच घाई असते.

आता पुन्हा काविळीकडे आणि कोल्हापुराकडे येऊ. १९८१ साली आमच्या या शहरात काविळीची साथ आली होती. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेच्या मंडळींनी तिचा अभ्यास केला व तो १९८४ मध्ये प्रसिद्ध झाला. साथ पाण्यातून पसरली होती. त्या काळी काविळीचे दोन विषाणू ठाऊक होते, ‘ए’ आणि ‘बी’; या साथीचा गुन्हेगार त्यांपैकी कोणीच नव्हता. तेव्हा शास्त्रज्ञांनी त्याचे नाव ठेवले ‘ए नव्हे, बी नव्हे’. आमच्या उपनिषत्कारांचे नेति नेति प्रयोगशाळेत असे अवतरावे याची आम्हांस गंमत वाटते. पण त्याहून मोल वाटते ते त्या नावातील प्रामाणिकपणाचे. जे ठाऊक नाही त्याला ‘ठाऊक नाही’ हेच नाव देऊन ते स्वस्थ राहिले. पुढे १९८३ साली बालायान नावाच्या रशियन शास्त्रज्ञाने रोग्याच्या मलातील गाळीव अंश स्वतः पिऊन, स्वतःला कावीळ करून घेऊन तो विषाणू पाहिला, आणि यथाकाल त्यास ‘ई’ हे अक्षर मिळाले. या ‘ई’ची एक क्रूर खोड आहे. इतरांस तो बहुधा सोडून देतो. पण गर्भारपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत ज्या स्त्रीला तो गाठतो, तिच्या जिवाला मोठा धोका असतो. अशा शंभर स्त्रियांत वीस-पंचवीसही दगावू शकतात.

२०१२ च्या उन्हाळ्यात आमच्या जिल्ह्यातील इचलकरंजीत हाच ‘ई’ पाण्यातून घरोघर शिरला. आमच्या नात्यातली एक मुलगी तेथे दिलेली होती. आठवा महिना चालू होता. कावीळ दिसताच घरच्यांनी माळ आणली. आम्ही समाचाराला गेलो तेव्हा ती गादीवर बसून हसत होती, आणि माळ गळ्यापर्यंत आली होती. “उतरतेय काका,” ती म्हणाली. सासरची वडीलधारी माणसे भोवती होती. त्यांच्या घरात, त्यांच्या श्रद्धेविरुद्ध, पाहुण्याने बोलावे हे आम्हांस शोभेसे वाटले नाही. आम्ही चहा घेतला, ‘जपा’ म्हटले आणि परत आलो. आठव्या दिवशी तिला गुंगी येऊ लागली तेव्हा इस्पितळात नेले. त्यानंतर चौथ्या दिवशी ती गेली, मूलही गेले.

माळेने तिला मारले, असे त्या रात्री आम्हांस ओरडून सांगावेसे वाटले. पण वाचकहो, आम्हांस तसे म्हणण्याचा अधिकार नाही. या विषाणूवर रामबाण औषध नाही. पहिल्याच दिवशी इस्पितळात नेली असती तरी ती वाचली असती असे कोणी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. काकांचा नातू माळेने बरा झाला म्हणणे जितके कच्चे, तितकेच ती माळेने गेली म्हणणेही कच्चे. एका बऱ्या होण्याने जर काही सिद्ध होत नाही, तर एका मरणानेही होत नाही. मग ते मरण आपले असो. ज्या न्यायाने दुसऱ्याचा आनंद तपासावयाचा, त्याच न्यायाने आपले दुःख तपासावयाचे, हे या शास्त्राचे सर्वांत कठीण मागणे आहे. आम्ही वर्गात ते वर्षानुवर्षे शिकविले, आणि त्याचा अर्थ आम्हांस त्या रात्री कळला.

एवढे मात्र म्हणता येते. इस्पितळात तिच्यावर नजर राहिली असती, गुंगीची पहिली चिन्हे कोणीतरी ओळखली असती, जी काही थोडी आशा होती ती तिच्या वाट्यास आली असती. माळेने ते आठ दिवस घेतले. आणि आमच्या भिडस्तपणाने ते घेऊ दिले.

त्यानंतर आम्ही पुष्कळ विचार केला, आणि एक गोष्ट ध्यानात आली. माळ घालून जे बरे होतात ते ओसरीवर येऊन सांगतात. जे जातात ते सांगावयास येत नाहीत. त्यांचे आप्तही सांगत नाहीत, कारण ‘आयुष्य तेवढेच होते’ या वाक्यापाशी त्यांची साक्ष संपते. म्हणजे गावोगाव माळेची जी ख्याती आहे, ती एकाच पक्षाचे साक्षीदार तपासून दिलेला निकाल आहे. कोणत्याही न्यायाधीशाने असा निकाल दिला तर आपण त्याला अन्यायी म्हणू. आरोग्यशास्त्रात मोजणे, नोंदणे, तुलना करणे या गोष्टी कोरड्या आणि हृदयशून्य वाटतात; पण वस्तुतः जे बोलू शकत नाहीत त्यांची साक्ष नोंदविण्याचा तोच एक मार्ग आहे. आकड्यांच्या त्या रांगेत आमची मुलगीही एक आहे. तेथे ती इतरांच्या बरोबरीने बोलते. एरवी तिला कोणी विचारले नसते.

याचा अर्थ आकडे म्हणजे वेदवाक्य असा नव्हे. मोजणाराही माणूसच असतो; त्यालाही आपले मत प्रिय असते, आणि औषध विकणाऱ्याला नफा त्याहून प्रिय असतो. शिवाय आकडा शंभरांविषयी बोलतो. समोरच्या एकाविषयी बोलावे लागते ते डॉक्टरला, आणि ते त्याने कसे बोलावे हे आकड्यात लिहिलेले नसते. काकांच्या नातवाच्या डॉक्टरांनी औषध दिले नाही हे योग्यच केले; पण ‘हे आपोआप उतरेल, मात्र अमुक चिन्ह दिसल्यास धावत या’ असे दोन शब्द बसून सांगितले असते, तर घरच्यांना माळेची वाट धरावीशी वाटली नसती. चरकाने वैद्यांच्या संभाषणाचे दोन प्रकार सांगितले आहेत: एक भांडून जिंकण्याचे, दुसरे मिळून शोधण्याचे. आमच्या सुशिक्षितांना पहिलेच तेवढे येते. खेडवळ समजुतीला हसून आम्ही मोकळे होतो. आणि हसायचे नसेल तेथे शिष्टाचार म्हणून गप्प बसतो. दोन्हींत समोरच्या माणसाविषयी खरी आस्था नाही.

काकांना त्या संध्याकाळी आम्ही तत्काळ उत्तर दिले नाही ते याच कारणाने. वादात जिंकावयाचे नव्हते, आणि या खेपेस गप्पही राहावयाचे नव्हते. आम्ही त्यांना एवढेच म्हटले, की काका, त्याच माणसाकडून आणखी एक ताजी माळ आणा, आणि ती आपल्या खुंटीवर टांगू. काका व्यापारी, मालाची पारख करण्यास त्यांची हरकत नव्हती. माळ आली. नातवाने फूटपट्टी घेऊन रोज सकाळी तिची लांबी वहीत लिहिली. बाराव्या दिवशी खुंटीवरची माळ जवळजवळ दुप्पट झाली होती. काकांनी चष्मा काढून पुसला, वही दोनदा पाहिली आणि म्हणाले, “म्हणजे खुंटीची कावीळ उतरली म्हणायची.” मग थोडा वेळ थांबून म्हणाले, “पण सर, पोरगं बरं झालं, ते तरी खरं ना?”

“ते अगदी खरं, काका,” आम्ही म्हटले. त्यानंतर आम्ही त्यांना इचलकरंजीची गोष्ट सांगितली. इतक्या वर्षांत प्रथमच कोणास सांगितली. काका काही बोलले नाहीत. जाताना मात्र त्यांनी खुंटीवरची माळ काढून खिशात घातली, आणि त्यांची धाकटी सून त्या वेळी सहा महिन्यांची गरोदर होती, तिच्यासाठी पाणी उकळून ठेवता का हो रोज, असे घरात शिरताशिरताच विचारताना त्यांचा आवाज आम्हांस भिंतीपलीकडून ऐकू आला.